लॅपटॉपचा आवाज बसला तर...

माणसाचा आवाज बसतो तेव्हा आपण काय करतो? मीठ-हळदीच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची कांडी, रात्री गरम दूध. दोन दिवस वाट बघतो. घशाचं ऑपरेशन करून घ्यायला लगेच कोणी धावत नाही. पण घरातल्या लॅपटॉपचा आवाज बसला, की मात्र आपला धीर सुटतो. ‘बिघडला’, ‘उडाला’, ‘आता नवाच घ्यावा लागणार’ इथपर्यंत बोलणी जातात. खरं तर नवीन विंडोज टाकल्यावर गेलेला आवाज हा बहुतेक वेळा नुसता बसलेला असतो, कायमचा गेलेला नसतो. त्यावरचे पहिले उपाय घरच्या घरी, एक पैसाही न खर्चता करता येतात. मैत्रिणींनो, आज त्याबद्दलच बोलू या.

तुम्ही म्हणाल, हा विषय आत्ताच का? कारण मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ज्यांनी नावनोंदणी केली त्या घरगुती संगणकांना सुरक्षेच्या अपडेटसाठी वाढीव मुदत दिली, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यामुळे वर्षानुवर्षं विंडोज १० वर सुखाने चाललेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकायची घाई घरोघरी सुरू झाली. आणि त्याबरोबर तक्रारीही. त्यातली नेहमीची तक्रार एकच, ‘चित्र दिसतं, पण आवाज येत नाही.’

आमचं उमरठ म्हणजे नरवीर तानाजी मालुसरे यांचं गाव. पोलादपूर तालुक्यातलं, चहूकडे डोंगर असलेलं. इकडची बरीच घरं मुंबईच्या पगारावर चालतात. चाकरमानी स्वतःला नवा लॅपटॉप घेतो, तेव्हा जुना गावी येतो. गणपतीला आलेला भाचा मोठ्या उत्साहाने म्हणतो, ‘मावशी, तुला नवीन विंडोज टाकून देतो.’ टाकतोही बिचारा. विसर्जन झालं की रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो. आणि दोन दिवसांनी मावशी लॅपटॉप उघडते, तर आवाज नाही! भाच्याला फोन करावा तर तो कामावर. पोलादपूर किंवा महाडला न्यावा तर एक दिवस मोडतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं हे खरं, पण दिवस काही अर्धा मोडत नाही. शेतावरचं काम, घरातलं म्हातारं माणूस, मुलांची शाळा हे सगळं तसंच मागे राहतं.

‘आवाज नाही तर नाही, त्यात एवढं काय?’ असं घरातली पुरुषमंडळी सहज म्हणतात. त्यांना वाटतं, आवाज म्हणजे गाणी आणि सिनेमा. पण आज बचत गटाचं प्रशिक्षण पडद्यावर होतं. समोरच्या मॅडम कर्जाचं व्याज समजावून सांगत असतात, आणि आपल्याला नुसते ओठ हलताना दिसतात. पोरीबाळी पोलीस भरतीचे, बँकेच्या परीक्षेचे तास लॅपटॉपवर ऐकतात. आवाज गेला की त्यांची शाळाच बंद पडते.

आणि काही जणींसाठी तर आवाज म्हणजेच डोळे. आमच्या भागातल्या एका मुलीची दृष्टी लहानपणापासून अगदी मंद. पडद्यावरची अक्षरं तिला दिसत नाहीत. ती बी.ए. झाली आणि बँकेच्या परीक्षेची तयारी करते, ती सगळी ऐकून. तिच्या लॅपटॉपवर ‘एनव्हीडीए’ नावाचा प्रोग्रॅम आहे. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवतो, इंग्रजीतलं आणि मराठीतलंही. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन तरुणांचं हे काम. दोघंही स्वतः दृष्टिहीन. अशा वाचक-प्रोग्रॅमना त्या वेळी फार पैसे पडत, म्हणून करन यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं, टेह त्यात सामील झाले आणि प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट दिला. आज जगभरातले दृष्टिहीन लोक तो वापरतात.

तर या मुलीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आलं आणि आवाज गेला. तिची आई मला म्हणाली, “ताई, हिचं पुस्तकच मिटलं ओ.” सराव परीक्षा आठ दिवसांवर आलेली. एका दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप न उघडताच सांगितलं होतं, ‘साउंड कार्ड गेलंय, साडेचार हजार लागतील.’ साडेचार हजार म्हणजे त्या घराचा दीड महिन्याचा किराणा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आजच्या लॅपटॉपमध्ये काढता-घालता येईल असं वेगळं साउंड कार्ड सहसा नसतंच. आवाजाची एक बारीक चिप मुख्य बोर्डावरच बसवलेली असते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती तैवानच्या रिअलटेक कंपनीची असते. तेव्हा कोणी ‘कार्ड बदलावं लागेल’ म्हणालं, तर न घाबरता विचारा, “भाऊ, कार्ड कुठं आहे ते जरा दाखवता का?”

मग आवाज जातो कसा? साधी गोष्ट आहे. लॅपटॉपमध्ये गाणं किंवा भाषण हे आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. विंडोज ते आकडे आवाजाच्या चिपकडे पाठवतं, चिप त्यांची वीज करते, आणि त्या विजेने स्पीकरचा पडदा थरथरला की आपल्याला ऐकू येतं. पण विंडोजची भाषा चिपला कळत नाही आणि चिपची विंडोजला. मध्ये एक दुभाषा लागतो. त्यालाच ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हा गाडीचा ड्रायव्हर नव्हे बरं का, हा एक छोटा प्रोग्रॅम असतो. विंडोज बदललं म्हणजे घरचा कारभारी बदलला. जुन्या दुभाष्याला नव्या कारभाऱ्याची बोली येईलच असं नाही. कधी नवा कारभारी आपला दुभाषा आणून बसवतो, पण त्याला त्या चिपच्या खाचाखोचा ठाऊक नसतात. मग स्पीकर धड, चिप धड, विंडोजही धड, आणि तरी सगळं चिडीचूप.

हे केवळ खेड्यातल्या जुन्या लॅपटॉपचंच होतं असंही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अपडेटमधूनच इंटेलचा चुकीचा ऑडिओ ड्रायव्हर अनेकांच्या संगणकांवर गेला आणि त्यांचे आवाज बंद पडले. कंपनीला तो मागे घ्यावा लागला आणि दुरुस्तीचं नवं अपडेट पाठवावं लागलं. विंडोज ११ च्या ‘२४एच२’ या आवृत्तीच्या वेळी, डिसेंबर २०२४ मध्ये, आवाज सुधारणारा ‘डिरॅक’ नावाचा प्रोग्रॅम असलेल्या काही संगणकांचे स्पीकर आणि हेडफोन मुके झाले. तेव्हा अशा संगणकांना नवी आवृत्ती देणंच कंपनीने थांबवलं आणि नवा ड्रायव्हर तयार झाल्यावर, २०२५ मध्ये, ती वाट मोकळी केली. म्हणजे बघा, आवाज गेला याचा अर्थ आपण काही मोडलं असा होत नाही.

आता उपायांकडे वळू. सुरुवातीला एक वही आणि पेन घेऊन बसा. आपण काय बदललं, आधी तिथे काय होतं, हे लिहीत जायचं. एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच आवाज तपासायचा. भाजी बिघडली म्हणून मीठ, गूळ, चिंच सगळं एकदम घातलं, तर कशाने सुधारली तेही कळत नाही. तसंच आहे हे.

पहिली पायरी अगदी सोपी. आवाज बंद करण्याचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते बघा. कीबोर्डच्या वरच्या ओळीत स्पीकरचं चित्र असलेलं बटण असतं. काही लॅपटॉपमध्ये आवाज बंद असताना त्यावर बारीक दिवाही लागतो. मग हेडफोन लावून बघा. हेडफोनमधून आवाज आला आणि स्पीकरमधून नाही आला, तर चिप आणि दुभाषा दोघं कामाला आहेत, तपास फक्त स्पीकरकडे करायचा. ही खूण दुरुस्तीवाल्यालाही उपयोगी पडते.

दुसरी पायरी, लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं आणि ‘रीस्टार्ट’ करणं एकच, असं बऱ्याच जणींना वाटतं. ते तसं नाही. लवकर चालू व्हावं म्हणून विंडोज शट डाउन करताना आपला काही भाग जसाच्या तसा जपून ठेवतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. कित्येकदा एवढ्यावरच आवाज मोकळा होतो.

तिसरी पायरी, आवाज भलत्याच दारी जातोय का ते बघा. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र असतं. त्यावर क्लिक केलं की आवाजाची पट्टी दिसते आणि तिच्या शेजारी छोटी खूण. ती दाबली की आवाज बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटांची यादी येते. तिथे लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर निवडा. नवीन विंडोज आल्यावर ही निवड बदललेली असू शकते. मग आवाज टीव्हीच्या वायरीकडे किंवा कपाटात ठेवलेल्या ब्लूटूथ स्पीकरकडे जात राहतो, आणि आपण लॅपटॉपला दोष देतो.

चौथी पायरी, ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘साउंड’ उघडा. ‘व्हॉल्यूम मिक्सर’मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी पट्टी असते. गाणी ऐकू येतात आणि मीटिंगच तेवढी मुकी, असं असेल तर दोष इथे सापडेल. त्याच पानावर आवाजाच्या अडचणी शोधणारी ‘ट्रबलशूट’ची सोयही आहे. ती चालवायला हरकत नाही. आपला स्पीकर निवडून ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ म्हणजे आवाज गोड करण्याची सोय बंद करून बघा. कधीकधी हा गोडवाच नडतो.

पाचवी पायरी दुभाष्याची. स्टार्टच्या बटणावर माऊसचं उजवं बटण दाबा आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’ निवडा. एक लांब यादी उघडेल. त्यात ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या ओळीखाली बघा. चिपच्या नावावर खाली वळलेला बाण असेल, तर ती नुसती बंद करून ठेवलेली आहे. उजवं बटण दाबून ‘एनेबल’ करा. पिवळा त्रिकोण असेल, तर दुभाषा बिनसलाय. नावावर क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर’ या भागात जा. तिथे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबता येत असेल, तर आधीचा दुभाषा परत कामावर येतो. ते पुसट असेल, तर उजवं बटण दाबून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. नाव घाबरवणारं आहे, पण त्याने चिप कुठे जात नाही. पुन्हा चालू होताना विंडोज तिला नव्याने ओळखतं.

सहावी पायरी, खरा दुभाषा त्याच्या गावाहून बोलवायचा. म्हणजे ज्या कंपनीचा लॅपटॉप त्याच कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून ऑडिओ ड्रायव्हर उतरवून घ्यायचा. लॅपटॉपच्या पोटाखाली मॉडेलचा नंबर छापलेला असतो. तो वहीत उतरवा. वेबसाइटवर ‘सपोर्ट’मध्ये तो नंबर टाकला की त्या लॅपटॉपचे ड्रायव्हर दिसतात. त्यातला विंडोज ११ साठीचा ऑडिओ ड्रायव्हर घ्यायचा. तो नसेल, तर विंडोज १० साठीचाही पुष्कळदा चालतो. शिवाय ‘विंडोज अपडेट’च्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ असतात. दुभाषा कधीकधी तिथेच वाट बघत बसलेला असतो. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ अशा जाहिराती करणाऱ्या भलत्या प्रोग्रॅमच्या वाटेला मात्र जाऊ नका.

त्या मुलीचा लॅपटॉप आम्ही असाच धरला. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच वाटा तिला माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक होत्या. ती माऊस वापरतच नाही, सगळं कीबोर्डवर. कुठली बटणं दाबली की काय उघडतं, हे तिच्या बोटांत बसलेलं. “काकू, आता काय लिहून आलं ते वाचा,” असं ती म्हणायची, मी वाचायची, आणि ती पुढचं बटण दाबायची. मी नुसते डोळे दिले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण होता. रोल बॅकचं बटण पुसट. अनइन्स्टॉल करून बघितलं, फरक पडला नाही. मग तिची आई मोबाईल घेऊन रेंजसाठी पडवीच्या टोकाला बसली, हॉटस्पॉट चालू केला, आणि कंपनीच्या वेबसाइटवरून ड्रायव्हर उतरवला. उतरायलाच पाऊण तास लागला. रीस्टार्ट केल्यावर मिनिटभर शांतता. आणि मग तो यंत्राचा सपाट, भरभर बोलणारा आवाज आला. मला त्यातला शब्दही कळला नाही, पण तिला कळला. साडेचार हजार वाचले ही गोष्ट वेगळी. तिने त्याच रात्री अभ्यासाला बसायचं ठरवलं.

यातूनही आवाज आला नाही तर? नवीन विंडोज टाकून दहा दिवस झाले नसतील, तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ इथे ‘गो बॅक’ म्हणजे जुन्या विंडोजवर परत जायची सोय असते. जायच्या आधी आपले फोटो, कागद पेन ड्राइव्हवर काढून घ्या. दहा दिवसांनंतर ही वाट साधारणपणे बंद होते. गणपतीत टाकलेलं विंडोज म्हणूनच आठवडाभरात नीट तपासून घ्यावं.

दुसरं, चिपच खराब आहे का याची परीक्षाही करता येते. उबंटूसारखी फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, लॅपटॉपवर काही न टाकता, नुसती चालवून बघता येते. तिच्यात आवाज आला, तर चिप आणि स्पीकर धडधाकट आहेत, दोष विंडोजच्या दुभाष्यात आहे. हे काम कॉलेजात संगणक शिकणाऱ्या मुलांना जमतं. ज्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालतच नाही, त्यांनाही लिनक्सचा आधार आहे. पण तिथेही प्रणाली बदलण्याआधी पेन ड्राइव्हवरून आवाज, वायफाय, प्रिंटर चालतो का ते बघून घ्यावं.

तिसरं, आवाजावर ज्यांचं सगळं अवलंबून आहे, त्यांनी यूएसबीला लागणारा हेडफोन घरात ठेवावा. त्याच्यात त्याची स्वतःची आवाजाची चिप असते आणि त्याचा साधा दुभाषा विंडोजमध्ये आधीपासून असतो. लॅपटॉपची चिप रुसली, तरी यातून आवाज येण्याची शक्यता बरीच असते. दृष्टिहीन व्यक्ती त्याच्या जोरावर पुढचं सगळं स्वतः करू शकते. दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट बघावी लागत नाही.

एक सावधगिरी. आवाज गेला की लोक घाबरून इंटरनेटवर ‘हेल्पलाइन’ नंबर शोधतात. तिथे सापडलेला प्रत्येक नंबर खरा नसतो. पलीकडचा माणूस गोड बोलून लॅपटॉपचा ताबा मागतो, एखादं अॅप घ्यायला लावतो, ‘फक्त दहा रुपये भरा’ म्हणतो, आणि बँकेचं खातं रिकामं होतं. बचत गटाचा हिशेब त्याच लॅपटॉपवर असेल, तर नुकसान एकटीचं राहत नाही. कंपनीचा नंबर तिच्या अधिकृत वेबसाइटवरून किंवा लॅपटॉपच्या कागदांवरूनच घ्यावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि शेवटी, नवीन विंडोज टाकायच्या आधीच थोडी तयारी केली, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो. मॉडेल नंबर वहीत लिहावा. त्या नंबरचा ऑडिओ आणि वायफायचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा, कारण वायफायच गेलं तर मग उतरवणार कशावर? महत्त्वाचे कागद वेगळे काढावेत. परीक्षा किंवा प्रशिक्षण तोंडावर असताना हे काम काढू नये. आमच्याकडे आषाढ-श्रावणात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा. अर्ध्यात बंद पडलेलं अपडेट हे आवाजापेक्षा मोठं दुखणं. आणि टाकून देणाऱ्या भाच्याला एकच सांगावं, “बाबा, गाडी पकडायच्या आधी मला एक गाणं लावून दाखव.”

आपल्यातल्या कितीतरी जणी एमएससीआयटी शिकल्या. प्रमाणपत्र कपाटात आहे, पण लॅपटॉप अडला की अजूनही घरातल्या मुलाला किंवा जावयाला हाक जाते. प्रत्येक बचत गटात एका तरी मैत्रिणीने ही वही करावी. कुठल्या लॅपटॉपचं काय बिघडलं, कशाने सुधारलं, ते तारखेसह लिहावं. पुढच्या वेळी शेजारची कोणी आली, तर तिला सांगता येईल, “थांब गं, आधी रीस्टार्ट करून बघू. मग बघू पुढचं.”